पदवी हातात, मुलगा घरात

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस आमच्या दाराची बेल सारखी वाजत असते. कोणी पेढे घेऊन येते, कोणी पुढे काय करावे ते विचारायला येते. यंदा एका विद्यार्थिनीची आई पेढे आणि प्रश्न दोन्ही घेऊन आल्या. मुलीला बहात्तर टक्के पडले होते. मी मुबारकबाद दिली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “टीचर, खरं सांगा. हिला कॉलेजात घालून काय होणार? हिचा भाऊ बी.कॉम. होऊन तीन वर्षं झाली. परीक्षा देतोय, फॉर्म भरतोय, घरातच आहे. एकाची पदवी पेटीत पडलीय, आता दुसरी कशाला?”

मग आवाज खाली आणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगा संध्याकाळी मामूच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पण हे कोणाला सांगायचे नाही. “ग्रॅज्युएट मुलगा दुकानात बसतो म्हटलं की रिश्ते येत नाहीत.”

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. “दोन दिवसांनी या,” म्हटले. बी.एड. झाल्यावर मी स्वतः काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. नेमणुकीची वाट पाहणे म्हणजे काय आणि शेजारीपाजारी “अजून काही झालं नाही का?” असे विचारतात तेव्हा कसे वाटते, ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या बाईंचा प्रश्न मला उडवून लावता येईना.

योगायोग असा की या सुट्टीत मी इजिप्तविषयी वाचत होते. तिथल्या पदवीधरांवर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, चित्रपट निघाले आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही त्यांच्यावर पुष्कळ काम केले आहे. वाचताना वारंवार वाटत होते की, हे तर आपल्याच मोहल्ल्यातले आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्या बाईंच्या प्रश्नाला, पण वाट कैरोवरून.

इजिप्त १८८२ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८८३ ते १९०७ या काळात तिथला खरा कारभारी होता लॉर्ड क्रोमर. तो आधी हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या सरकारात काम करून गेलेला होता. इथले शिकलेले तरुण सरकारला प्रश्न विचारू लागले आहेत, हे त्याने पाहिले होते. इजिप्तमध्ये तसे होऊ नये म्हणून त्याने शिक्षणाचा हात आखडता ठेवला. शाळांना फी लावली, उच्च शिक्षणाला उत्तेजन दिले नाही. कचेऱ्यांना कारकून लागतात तेवढेच शिकलेले पुरेत, असा तो हिशेब होता. त्यामुळे लोकांच्या मनात शाळेचा एकच अर्थ रुजला: दाखला मिळवायचा आणि सरकारी कचेरीत शिरायचे. आपल्याकडे मॅट्रिक होऊन कारकुनी मिळवणे हा जसा शिक्षणाचा अर्थ झाला, तसेच हे. कैरोचे विद्यापीठ १९०८ मध्ये उभे राहिले ते लोकांच्या देणग्यांवर. पुढे शहजादी फातिमा इस्माईल यांनी त्यासाठी आपली जमीन आणि दागिने दिले. १९२५ मध्ये ते सरकारी विद्यापीठ झाले.

याच विद्यापीठातून १९३४ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले नजीब महफूज, ज्यांना १९८८ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. एवढा मोठा लेखक, पण सेवानिवृत्त होईपर्यंत सरकारी नोकरीत होता. वक्फ खात्यात, पुढे संस्कृती खात्यात. कचेरी त्यांनी आतून पाहिली होती. त्यांची ‘अल-काहिरा अल-जदीदा’, म्हणजे ‘नवे कैरो’, ही कादंबरी १९४५ ची. तिचा नायक महजूब हा गरीब घरातला विद्यार्थी. पदवीची परीक्षा तोंडावर आलेली असताना बापाला अर्धांगवायू होतो, घरून येणारे पैसे आटतात. पदवी मिळते, नोकरी मिळत नाही, कारण नोकरीला ओळख लागते. शेवटी एक सौदा समोर येतो. एका बड्या अधिकाऱ्याचे एका गरीब मुलीशी संबंध आहेत. त्यावर पांघरूण म्हणून महजूबने तिच्याशी लग्न करावे आणि बदल्यात नोकरी घ्यावी. तो घेतो. पुढे सारे उघडे पडते. १९६६ मध्ये सलाह अबू सैफ यांनी यावर ‘अल-काहिरा ३०’ हा चित्रपट काढला. महजूबची लाज वाटते, रागही येतो. पण पुस्तक मिटल्यावर प्रश्न उरतो: जिथे पदवीला एकच दार ठेवले आहे आणि त्या दारावर ओळखीचा पहारा आहे, तिथे माणूस किती दिवस ताठ उभा राहील?

१९५२ ची क्रांती झाली आणि नासिर यांच्या सरकारने हा पहारा हटवायचे ठरवले. १९६२ मध्ये विद्यापीठाची फी माफ झाली. प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरी देण्याचे वचन दिले गेले आणि १९६४ च्या कायद्याने ते तांत्रिक माध्यमिक शिक्षण घेतलेल्यांनाही लागू झाले. ओळख नको, वशिला नको, फक्त दाखला आणा. या वचनाला हसू नये. शेतकऱ्यांची, कारागिरांची मुले पहिल्यांदा विद्यापीठात गेली. मुलींनाही सरकारी खात्यांत, शाळांत, दवाखान्यांत सन्मानाच्या जागा मिळाल्या.

पण पदवीधर वाढत गेले आणि जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. सरकारने वचन मोडले नाही, फक्त रांग लांबवली. आधी दोन-तीन वर्षे, मग पाच आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा वर्षांहूनही जास्त. महागाईने सरकारी पगाराची किंमत उतरली. कितीतरी कर्मचारी सकाळी कचेरीत आणि संध्याकाळी टॅक्सीवर असे दिवस काढू लागले. तरी रांग हटली नाही. का? अर्थतज्ज्ञ रागी असद यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा उलगडा केला आहे. सरकारी नोकरीत पगार कमी का असेना, पण ती जाण्याची भीती नाही, पेन्शन आहे, रजा आहे. बाहेर असे काहीच नाही. अशा वेळी वाट पाहणारा तरुण आळशी नसतो, तो हिशेब करत असतो. शिवाय घरचे लोकही हुनर देणाऱ्या शिक्षणापेक्षा रांगेत उभे करणाऱ्या दाखल्याला पसंती देतात. चूक एकेका मुलाची नाही, रांग तशी बांधली गेली आहे.

या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे येते. इजिप्तमध्ये बेरोजगारी निरक्षरांमध्ये कमी आणि शिकलेल्यांमध्ये जास्त दिसत आली आहे. यावरून कोणी म्हणेल, बघा, शिक्षणाने मुले बिघडतात. पण अर्थ वेगळा आहे. ज्याच्या घरी संध्याकाळच्या चुलीची चिंता आहे त्याला बेरोजगार राहणेही परवडत नाही. तो मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर करतो आणि आकड्यात ‘रोजगार असलेला’ म्हणून मोजला जातो. त्याचे बरे चालले आहे असे नव्हे. आपल्या बी.कॉम. मुलाच्या मागे कोणीतरी उभे आहे, म्हणून तो वाट पाहू शकतो. म्हणजे त्याच्या प्रतीक्षेचा खर्च आई, बाप, भाऊ, बहीण असे सारे घर उचलते.

आणि खुर्ची मिळाली तर सारे मिळाले का? महफूज यांची १९७५ ची एक कादंबरी आहे, ‘हजरत अल-मुहतरम’. गाडीवानाचा मुलगा उस्मान दफ्तरखान्यात कारकून म्हणून लागतो आणि महासंचालकाच्या खुर्चीचे स्वप्न बाळगतो. त्या खुर्चीपायी तो प्रेम नाकारतो, निकाह पुढे ढकलतो, पैसा जोडत राहतो. नेमणुकीची बातमी येते तेव्हा तो आजारी होऊन अंथरुणावर पडलेला असतो. उर्दूत आपण ‘मुहतरम’ हा शब्द किती सहज वापरतो! मान खुर्चीला द्यायचा की माणसाला, हे या पुस्तकाने मला पुन्हा विचारायला लावले.

निकाह पुढे ढकलण्याची गोष्ट केवळ कादंबरीतली नाही. डायन सिंगरमन या संशोधक बाईंनी कैरोतल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. नोकरी नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून निकाह नाही, आणि निकाह नाही म्हणून समाज त्या मुलाला मोठा माणूस मानत नाही. तिशी आली तरी तो ‘पोरगा’च. बालपण आणि मोठेपण यांच्या मधल्या या अडकलेल्या वयाला त्यांनी ‘प्रतीक्षेचे वय’ अशा अर्थाचे नाव दिले. फ्लॅट, सामान, सोन्याचा दागिना यांच्या अपेक्षांनी तिथे ही प्रतीक्षा आणखी लांबवली. दोष फक्त सरकारचा नाही, आपल्या बैठकीच्या खोलीतही तो थोडासा बसलेला आहे.

मुलींचे काय झाले, हा भाग वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून बसले. सरकारी जागा आटल्या तेव्हा मुलांनी काही ना काही धरले: दुकान, आखाताची वाट, टॅक्सी. मुलींना खाजगी कामात वेळेची, सुरक्षिततेची, बाळंतपणाच्या रजेची हमी नव्हती, म्हणून कितीतरी जणी घरी परतल्या. तिथे मुलींचे शिक्षण झपाट्याने वाढले, पण कमावत्या स्त्रियांचे प्रमाण तसे वाढले नाही. मुलगा रांगेत उभा असतो तेव्हा निदान दिसतो. मुलगी रांगेतून बाहेर पडते तेव्हा कोणी विचारतही नाही.

कैरो दूर वाटत असेल तर उत्तर प्रदेशात या. क्रेग जेफ्री यांनी मेरठमधल्या पदवीधर मुलांवर लिहिलेले पुस्तक २०१० मध्ये आले. त्याचे नाव आपल्या ओळखीचे आहे: ‘टाइमपास’. पदवीवर पदवी घेत, चहाच्या टपरीवर बसून ही मुले स्वतःच म्हणत, आम्ही टाइमपास करतोय. त्याआधी २००८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर बिजनौर जिल्ह्यातल्या जाट, दलित आणि मुस्लिम तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मुस्लिम मुलांना मोठ्या नोकऱ्यांसाठी ना ओळखी होत्या, ना बरोबरीने वागवले जाईल असा भरवसा. त्यांच्यापैकी अनेक जण कारागिरीकडे किंवा मदरशाच्या शिक्षणाकडे वळले. आणि आपल्या पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका पाहा. तिथे बसलेली मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत. जागा थोड्या आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा.

दोन दिवसांनी त्या बाई आल्या. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, भावाच्या प्रतीक्षेचे बिल बहिणीच्या नावावर फाडू नका. तिला कॉलेजात पाठवल्याने नोकरी मिळेलच, असे वचन मी देत नाही. पण तिला बारावीवर थांबवल्याने भावाची रांग एका पावलानेही पुढे सरकणार नाही. उद्या तिच्यावर वेळ आली तर हातात काय असेल, त्याचा विचार करा. पदवीबरोबर एखादे हुनरही शिकू द्या, संगणक, शिवण, हिशेब, तिला आवडेल ते.

दुसरी, वाट पाहण्याला मुदत ठरवा, आणि ती मुलाबरोबर बसून ठरवा. आणखी किती परीक्षा, किती वर्षे, बरोबरीने कोणते काम. त्याला ‘रिकामा’ म्हणू नका. तो घरात बसला आहे, पण रात्री झोपत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ती आपल्या सगळ्यांची आहे. रिश्ता आला की आपला पहिला प्रश्न असतो, “मुलगा सरकारी आहे का?” दुकानात बसणारा, दुरुस्ती करणारा, हलाल कमाई करणारा मुलगा आपण नाकारतो आणि मग त्याच मुलाच्या आईला काम लपवावे लागते. सरकारी रांग लांबवण्यात आपलाही हात आहे. रिकाम्या जागा भराव्यात, परीक्षा वेळेवर घ्याव्यात हे सरकारचे काम आणि ते आपण मागितलेच पाहिजे. पण कोणत्या कामाला इज्जत द्यायची हे ठरवायला कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही.

त्या ऐकून घेऊन, “हिच्या अब्बांना विचारते,” म्हणून गेल्या. मला काही कळेना.

प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मुलगी भावाला घेऊन माझ्याकडे आली. कागद तपासून हवे होते. अर्ज त्यानेच मोबाईलवर भरला. फी भरताना मुलगी म्हणाली, “भाई, अब्बांकडून पैसे घ्यायचे राहिले.” तो मान वर न करता म्हणाला, “राहू दे. दुकानाचे आहेत.”

त्याची अम्मी दारातच उभी होती. तिने ऐकले. या वेळी तिने आवाज खाली आणला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “मामूच्या दुकानात बसतो ना, टीचर. हात चांगला बसलाय त्याचा.”