तुम्ही आला नाहीत, हे कोणाच्या लक्षात येते?



समजा, तुम्ही लागोपाठ तीन रविवार उपासनेला गेला नाहीत. कोणाच्या लक्षात येईल? पाळकसाहेबांच्या? त्यांच्यासमोर दर रविवारी दोनशे-तीनशे माणसे बसलेली असतात. शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांच्या? त्यांना कदाचित तुमचे नावही ठाऊक नसेल. मी कोणाला दोष देत नाही. घरोघरी भरणाऱ्या लहान गटांबद्दल लिहायला बसले, तेव्हा सर्वांत आधी हाच प्रश्न मनात आला.

आमच्या गटाची गोष्ट सांगते. ती फार अभिमानाने सांगण्यासारखी नाही. आम्ही बेंगळुरूमध्ये राहतो. आमच्या मंडळीची उपासना इंग्रजीत असते. नगर, मिरज, सोलापूरकडून नोकरीसाठी इकडे आलेली आम्ही सात-आठ कुटुंबे दर गुरुवारी रात्री आठ वाजता कोणाच्या तरी घरी जमतो. गीते मराठी, शास्त्रवाचन मराठी, प्रार्थना मराठी. आमच्यातल्या एक आजी रविवारी दीड तास गप्प बसून असतात, आणि गुरुवारी प्रार्थना करू लागल्या की थांबत नाहीत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

काही वर्षांपूर्वी या गटातल्या एका भावाची नोकरी गेली. मुलांना आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तो सहा महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता आणि संध्याकाळी परत येत होता. दर गुरुवारी सभेला मात्र हजर. ‘प्रार्थनेचा काही विषय?’ असे विचारले की म्हणायचा, ‘सगळे ठीक, प्रभूची कृपा.’ त्या काळात आम्ही गलतीकरांस पत्राचा अभ्यास करत होतो. एकमेकांची ओझी वाहण्याच्या वचनावर तर दोन गुरुवार घालवले, आणि त्यावर सर्वांत चांगले दोन मुद्दे त्यानेच मांडले होते.

आम्हाला कळले ते जेवणावरून. सुरुवातीला आमच्याकडे सभेनंतर चहा-बिस्किटे असत. मग कोणी पोहे केले, कोणी पावभाजी, पुढे पुरी-भाजी आणि गोड पदार्थ. कोणी ठरवले नाही, पण पाळी आली की पंधरा माणसांचे जेवण करायचे असा पायंडा पडला. त्यांच्या घरची पाळी दोनदा पुढे ढकलली गेली. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने माझ्या हातात हात घेऊन सांगितले, ‘ताई, या महिन्यात जमणार नाही,’ आणि मग बाकीचे सारे सांगितले.

नंतर मी त्याला विचारले, ‘अरे, बोलला का नाहीस?’ तो म्हणाला, ‘तुम्ही विषय विचारत होता. मला कोणी विचारले नाही.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘आणि आधीच्या ठिकाणी एकदा सांगितले होते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाच्या फोनवर माझा प्रार्थनेचा विषय होता.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपण म्हणतो, पहिली मंडळी घरांतच भरत असे. ते खरेच आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विला तंबू तयार करण्याचा धंदा करत, आणि त्यांच्या घरी मंडळी जमे. फिलिप्पै येथे लुदियाचे घर होते, फिलेमोनाचे होते, नुंफाचे होते. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपस येथे १९३० च्या दशकातल्या उत्खननात असे एक घर सापडले. इसवी सन २४० च्या सुमारास कोणीतरी आपल्या घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी मोठी खोली केली होती, आणि दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्यासाठी हौद बांधला होता.

पण मला सर्वांत जास्त आठवते ते योहान मार्काच्या आईचे, मरीयेचे घर. पेत्र तुरुंगातून सुटून मध्यरात्री तिथे आला आणि त्याने दार ठोठावले. रुदा नावाची मोलकरीण आली आणि दार उघडण्याआधीच तिने नुसत्या आवाजावरून पेत्राला ओळखले. दारावरच्या मुलीला पाहुण्याचा आवाज ओळखीचा आहे, आणि शास्त्र लिहिणाऱ्याला त्या मुलीचे नाव ठाऊक आहे! (आतले लोक मात्र ज्याच्यासाठी प्रार्थना करत होते तोच दारात आला, तरी तिला वेडी ठरवत होते. इथे आमच्या गटाची आठवण मला हमखास येते.)

घरात भरते म्हणून सारे आपोआप चांगले होते, असेही नाही. करिंथ येथे प्रभुभोजनासाठी जमलेले लोक आपापले जेवण आधीच उरकून घेत. कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन तर्र होई. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असे पौलाला त्यांना खडसावून विचारावे लागले. आमची पुरी-भाजी काही वेगळे करत नव्हती.

या संदर्भात जॉन वेस्लीच्या वेळची एक हकिकत वाचकांना सांगायलाच हवी. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यांच्या सभागृहावर कर्ज होते. ते कसे फेडावे याचा विचार चालू असताना कॅप्टन फॉय नावाच्या एका सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, ‘पुष्कळजण गरीब आहेत, त्यांना जमणार नाही.’ त्यावर तो म्हणाला, ‘सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन.’ तसेच ठरले. बारा-बारांचे गट झाले आणि प्रत्येक गटाचा पुढारी घरोघर जाऊ लागला.

पैसे गोळा करायला गेलेल्या या माणसांच्या नजरेस भलतेच काही पडू लागले. कोणी दारू पीत होता, कुठे घरात भांडण होते. रविवारच्या गर्दीत जे दिसले नव्हते ते उंबरठ्यावर दिसले. आपल्याला इतके दिवस हेच हवे होते, हे वेस्लींच्या लगेच ध्यानात आले. पुढे घरोघर फिरण्यात फार वेळ जाऊ लागला. शिवाय काही सभासद दुसऱ्यांच्या घरी नोकर होते, आणि मालक तिथे भेटू देत नसत. म्हणून बारा जणांनीच आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले. मेथडिस्ट मंडळ्यांची ‘क्लास मीटिंग’ ती हीच.

म्हणजे या गटाची सुरुवात अभ्यासक्रमाने झाली नाही. ‘तू कसा आहेस?’ हे विचारायला कोणीतरी दारात गेले, तिथून झाली. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. रविवारचीच उपासना आम्ही गुरुवारी बैठकीच्या खोलीत लहान आकारात करत होतो: तीन गीते, एक संदेश, शेवटी विषय.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. चहा-बिस्किटांवर परत आलो, आणि तो नियमच केला, कारण नियम नसला की कोणीतरी ढोकळा घेऊन येतेच. संदेशाचा वेळ कमी केला. एका गुरुवारी दोनच कुटुंबांनी आपला आठवडा सविस्तर सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. उपदेश करायचा नाही. हे सर्वांत कठीण गेले, मला तर फारच. गटात सांगितलेले सांगणाऱ्याच्या परवानगीवाचून बाहेर न्यायचे नाही, पाळकसाहेबांकडेही नाही. मात्र कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर गप्प बसायचे नाही, मदत आणायची. हेही आधीच सर्वांना स्पष्ट सांगून ठेवले.

आणि दोन गुरुवार कोणी आले नाही, तर त्यांच्या घरी जायचे. फोनवर ‘सगळे ठीक’ म्हणणे फार सोपे असते.

तुमच्या गटात दहा-बारांपेक्षा जास्त माणसे झाली असतील तर दोन गट करा. जीव तुटतो, पण वीस माणसांत गप्प बसणाऱ्याला लपायला जागा मिळते. आणि घर लहान आहे म्हणून कोणाची पाळी वगळू नका. आमची सर्वांत चांगली सभा एका खोलीच्या घरात, पलंगावर आणि खाली सतरंजीवर बसून झाली आहे.

त्या भावाला पुढे नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. न आलेल्यांच्या घरी जाण्याचे काम आता त्याच्याकडे आहे. तो ‘विषय काय?’ असे कधीच विचारत नाही. बसतो, पाणी मागतो, आणि वेळ काढतो.

येत्या गुरुवारची पाळी आमची होती. पण आमची लिफ्ट बंद आहे आणि आजींना तीन मजले चढवत नाहीत. म्हणून सभा त्यांच्याकडे ठरली आहे. बिस्किटे मी नेणार आहे.