इमूचे अंडे आणि फंडाचा पैसा

निवृत्तीच्या वेळी फंडाचे चार पैसे हाती आले की सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. गावाकडच्या जागेत काहीतरी पाळा, असे त्यांतले बरेच जण सांगतात. म्हणून या खेपेला आम्ही इमू पक्ष्याचा हिशेब वाचक बंधू-भगिनींपुढे मांडीत आहोत.

इमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा. उंची 5 ते 6 फूट, वजन 40 किलोच्या आसपास. त्याला उडता येत नाही, पण पळतो ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने. त्यामुळे कुंपण उंच जाळीचे लागते. मादी दीड-दोन वर्षांची झाली की थंडीच्या दिवसांत गडद हिरवी अंडी घालते. एक अंडे अर्धा किलोच्या वर भरते. अंडी उबवतो मात्र नर! जवळजवळ आठ आठवडे तो अन्नपाणी सोडल्यासारखा बसून असतो. फार्मवर हे काम यंत्र करते. पिल्लू मोठे होईपर्यंत वर्षभर खुराक घालावा लागतो.

पक्षी काटक आहे, तो जगतो. प्रश्न आहे तो गिऱ्हाइकाचा. मांस, कातडे, चरबीचे तेल यांना दाम येतो असे सांगितले जाई. पण आपल्या बाजारात ते रोज मागणार कोण? मग जुना पाळणारा नव्या पाळणाऱ्याला पिल्ले विकू लागला. नवे लोक येत होते तोवर भाव चढला. अमेरिकेत 1990 नंतरच्या वर्षांत असाच भाव चढून कोसळला होता. तरी आपल्याकडे, महाराष्ट्रातही, अनेकांनी कर्ज काढून इमू पाळले.

तामिळनाडूतील पेरुंदुराई येथे सुसी इमू फार्म्स ही कंपनी होती. दीड लाख रुपये भरा, 6 पिल्ले सांभाळा, दरमहा 6,000 रुपये घ्या, अशी तिची योजना. आता कागद-पेन्सिल घ्या. वर्षाचे 72,000, म्हणजे दीड लाखावर 48 टक्के! ज्या पक्ष्याला गिऱ्हाईक नाही, त्याच्यातून एवढे पैसे निघणार कोठून? नव्या माणसाची ठेव जुन्याच्या हातावर पडत होती. ऑगस्ट 2012 मध्ये सारे कोसळले. हजारो कुटुंबांचे पैसे अडकले आणि उपाशी पक्ष्यांना खायला घालण्याची पाळी सरकारवर आली.

शेळी आठवडी बाजारात उभी केली तर संध्याकाळपर्यंत पैसे हातात पडतात. कोंबडीचे अंडे शेजारीण दारात येऊन नेते. म्हणून कोणी नवा धंदा सुचवला तर एकच विचारावे : हा माल शेवटी खाणार किंवा वापरणार कोण, आणि तो आज कोणत्या बाजारात विकला जातो? उत्तरात फक्त "कंपनी परत घेईल" एवढेच आले, तर फंडाचा पैसा बँकेतून हलवू नये. आणि कोठेही सही करण्यापूर्वी घरातील माता-भगिनींना समोर बसवून हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा, एवढीच आमची विनंती.