कावळा, फांदी आणि रुग्णाचें ताट

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जातंतूंच्या विकाराविषयीं आमच्या एका वाचकभगिनीनें पृच्छा केली आहे. सुनेस हा रोग असल्याचें निश्चित झाल्यापासून तिनें काय खावें व काय वर्ज्य करावें याविषयीं घरांतील प्रत्येकाचें मत निराळें पडूं लागलें आहे. एक म्हणतो दूध बंद करा, दुसरा म्हणतो गहूं बंद करा, आणि तिसऱ्यानें परगांवाहून शक्तिवर्धक गोळ्यांच्या बाटल्या पाठविल्या आहेत. यांत खरें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर अनेक घरांस उपयोगी पडण्याजोगें असल्यामुळें आम्ही तें येथेंच देत आहों.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. मेंदू व पाठीचा कणा यांतून जाणाऱ्या तंतूंभोवतीं मायलिन नांवाचें स्निग्ध आवरण असतें. विजेच्या तारेवर रबराचें वेष्टण असावें तसें. शरीराची जी संरक्षक शक्ति बाहेरील जंतूंशीं लढावयाची, ती या रोगांत उलट आपल्याच आवरणावर चालून जाते. मग कोणास एका डोळ्यानें अंधुक दिसतें, कोणाच्या पायांस बधिरता येते, कोणाचा तोल जातो, तर कोणी कांहीं श्रम न करतांच गळून जातो. पॅरिस येथील डॉ. शार्को यांनीं १८६८ सालीं या रोगाचें सुस्पष्ट वर्णन केलें. पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो अधिक होतो, आणि बहुधा वीस ते चाळीस या ऐन संसाराच्या वयांत होतो. त्याची एक खोड विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बहुतेक रोग्यांत प्रारंभीं तो झटक्यांच्या रूपानें येतो, आणि कांहीं आठवड्यांनीं तो झटका पुष्कळ अंशीं आपोआपच ओसरतो.

या एका खोडींत पथ्यापथ्याच्या बहुतेक दंतकथांचें मूळ आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, तसें येथें वारंवार घडतें. झटका आल्यानें घाबरलेल्या घरानें दूध सोडलें, आणि महिन्याभरांत पाय पूर्ववत् झाले. झटका आल्या वाटेनें गेला. श्रेय मात्र दुधाच्या त्यागास मिळालें. मंडळींनीं डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट खोटी नसते, तिचा लावलेला अर्थ तेवढा चुकतो. म्हणूनच या रोगांत कोणा एकाच्या अनुभवावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. सारख्या अवस्थेंतील रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें पाडून, एकास उपाय व दुसऱ्यास तसाच दिसणारा निरुपद्रवी पदार्थ देऊन, दोहोंची तुलना करावी लागते.

मोठमोठ्या विद्वानांनाही हा फेरा चुकलेला नाहीं. डॉ. रॉय स्वँक यांनीं १९४८ सालीं माँट्रियल येथें रोग्यांस अल्प स्निग्धांशाचा आहार देण्यास आरंभ केला. नॉर्वे देशांत दूधदुभतें व मांस अधिक खाणाऱ्या अंतर्भागांतील शेतकऱ्यांत हा रोग जास्त, आणि किनाऱ्यावरील मासे खाणाऱ्या वस्तींत कमी, असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५२ सालीं दाखविलें. पुढें १४४ रोग्यांवर चौतीस वर्षें नजर ठेवून १९९० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, ज्यांनीं पथ्य कसोशीनें पाळलें ते पुष्कळ चांगले राहिले. चिकाटी वंदनीय खरी. परंतु तुलनेसाठीं दुसरा गटच नव्हता. ते पथ्यामुळें चांगले राहिले, कीं मुळांत चांगले राहिल्यामुळें पथ्य पाळूं शकले, हें कसें ठरवावें? कॉक्रेन या संस्थेनें २०२० सालीं झालेल्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हांही कोणताच विशिष्ट आहार रोगास आवर घालतो असें म्हणण्यास पुरेसा आधार तिला आढळला नाहीं.

आतां बाटल्यांकडे वळूं. बायोटिन या जीवनसत्त्वाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारच्या रोग्यांस रोज ३०० मिलिग्रॅम बायोटिन दिलें असतां १०३ पैकीं १३ जणांस सुधारणा झाली, व नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकीं कोणासही झाली नाहीं, असें २०१६ सालीं जाहीर झालें. आशा पल्लवित झाल्या. मग ६४२ रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२० सालीं लागला. सुधारणा शेंकडा बारा व शेंकडा नऊ. म्हणजे अर्थपूर्ण असा फरक नाहींच. शिवाय इतक्या मात्रेनें रक्ताच्या तपासण्याही फसतात. हृदयविकाराच्या झटक्याची खूण दाखविणारी तपासणी त्यामुळें खोटी निर्दोष दिसूं शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१७ सालींच दिला होता. निरुपद्रवी म्हणून घेतलेली गोळी अशी भलत्याच ठिकाणीं दगा देते. माशांच्या तेलाचीही गोष्ट निराळी नाहीं. नॉर्वेंत ९२ रोग्यांवर केलेल्या व २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याचा कांहीं गुण दिसला नाहीं.

ड जीवनसत्त्वाचें प्रकरण मात्र अद्याप मिटलेलें नाहीं. औषध चालू असलेल्या रोग्यांस रोज ६०० ऐवजीं ५००० एककें देऊन अमेरिकेंत झालेल्या प्रयोगांत लाभ आढळला नाहीं, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. उलट फ्रान्समध्यें, रोगाच्या अगदीं प्रारंभीं व अन्य औषध सुरू नसतांना, दर पंधरवड्यास एक लक्ष एककें दिलीं असतां दोन वर्षांत शेंकडा ७४ ऐवजीं शेंकडा ६० जणांतच रोगाची हालचाल दिसली. हा निकाल २०२५ सालचा आहे. परंतु फरक मुख्यतः मेंदूच्या चित्रांत होता, प्रत्यक्ष झटक्यांत नव्हे. अर्थ एवढाच कीं, रक्त तपासून डॉक्टरांच्या विचारानें हें जीवनसत्त्व घ्यावें. मनास येईल तसें घेतल्यास रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो.

आमच्या शाकाहारी घरांस ब-१२ जीवनसत्त्वाविषयीं विशेष सांगावयाचें आहे. पुणें परिसरांतील पुरुषांच्या एका पाहणींत, जी २००६ सालीं प्रसिद्ध झाली, शेंकडा ६७ जणांत तें कमी आढळलें. त्याच्या अभावानें मायलिनच क्षीण होतें, आणि हातापायांच्या मुंग्या व तोल जाणें हीं लक्षणें या रोगासारखींच भासतात. तेव्हां त्याची तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें प्रथम विचारावें. कमतरता असल्यास ती भरून काढणें हें खरें पूरक; नसलेली कमतरता भरणें हा निव्वळ खर्च.

तसेंच प्रतिकारशक्ति वाढविणाऱ्या काढ्यांचें. येथें ती शक्ति अपुरी नसून बहकलेली आहे. तीस आणखी चेतविण्यांत शहाणपण तें कोणतें? गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृतास इजा झाल्याचें मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं नोंदविलें. आयुष मंत्रालयानें त्या निष्कर्षास हरकत घेतली, हेंही खरें. तथापि या रोगावरील कांहीं औषधेंही यकृतावर भार टाकणारीं असल्यामुळें, डॉक्टरांस कळविल्यावांचून कोणताही काढा देऊं नये.

मग ताटांत वाढावें तरी काय? ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर, फळें, दूध-ताक. तूप व तळण बेताचें. हिंडणें-फिरणें कमी झाल्यानें वजन वाढतें, तें आवरावें. लघवीच्या तक्रारीमुळें पाणी कमी पिण्याचा मोह रोग्यास होतो. त्यानें मलावरोध बळावतो व मूत्रमार्गास जंतुबाधा होते, म्हणून पाणी तोडूं नये. गिळतांना ठसका लागूं लागल्यास डॉक्टरांस तत्काळ सांगावें. उन्हाळ्यांत व चुलीच्या धगीपाशीं लक्षणें तात्पुरतीं वाढतात. थंड पाणी व वारा हींच तेव्हां औषधें. तंबाखूचा धूर घरांत नसावा. आणि मुख्य म्हणजे, डॉक्टरांनीं दिलेलें औषध कोणत्याही पथ्याच्या भरंवशावर थांबवूं नये.

शेवटीं एक गोष्ट घरांतील वडील मंडळींस. हा आहार सर्वांसच हितकर असल्यामुळें तो सर्वांच्याच ताटांत यावा. सर्व पंगत पुरणपोळी जेवत असतां सुनेपुढें निराळी वाटी ठेवणें हें पथ्य नव्हे, ती शिक्षा आहे. आणि पुन्हां झटका आलाच, तर ‘काय खाल्लेंस?’ असें तीस कोणी विचारूं नये. तो तिनें खाल्लेल्या घांसानें आलेला नसतो, आणि न खाल्लेल्या घांसानें टळलाही नसता. अशा वेळीं ‘डॉक्टरांकडे केव्हां निघावयाचें?’ हा एकच प्रश्न घरच्यांच्या तोंडून यावा.