खायचा सोडा : औषध किती, भ्रम किती?



आमच्या जालना जिल्ह्यात भज्यांसाठी आणलेली खायच्या सोड्याची पुडी घरोघर औषध म्हणूनही वापरली जाते. छातीत जळजळले की चिमूटभर सोडा पाण्यात घालून घ्यायचा. ढेकर येतो, बरे वाटते. यात खोटे काही नाही. सोडा पोटातील आम्ल मारतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच हा ढेकर. मेडिकलमधील फसफसणाऱ्या पुड्यांतही मुख्यतः हाच सोडा असतो.

पण तासाभराच्या आरामाला इलाज कसे म्हणावे? हिशोबच मांडू. सपाट चमचाभर सोड्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभरात २ ग्रॅमच्या आत राहा. म्हणजे भाकरी-ठेच्याला हात लावण्याआधीच निम्म्याहून अधिक वाटा संपला! रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी मनाने सोडा घेऊच नये. मूत्रपिंडाच्या काही रोग्यांना डॉक्टर सोड्याच्या गोळ्या देतात, पण रक्त तपासून, मोजून. पंगतीत तुडुंब जेवून वर सोडा पिणे तर फारच वाईट. ताणलेले पोट वायूने फाटल्याची उदाहरणेही वैद्यकात आहेत, क्वचित का होईना.

मोजमापाने हाच सोडा जीव वाचवतो. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी १ लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा मिसळून रुग्णांना पाजले. मृत्यू झपाट्याने घटले. (पुढे जलसंजीवनीच्या पुडीत सोड्याऐवजी सायट्रेट आले, कारण ती पुडी जास्त टिकते.)

आता सोड्याने कर्करोग बरा होतो, असेही कानावर येते. केवळ ऐकीव म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. कर्करोग म्हणजे बुरशी, असे सांगून रुग्णांना सोडा देणाऱ्या इटलीच्या तुलिओ सिमोन्चिनीची डॉक्टरकीची नोंद रद्द झाली, न्यायालयाने शिक्षाही ठोठावली.

आम्हाला खरी धास्ती वेगळीच आहे. छाती दाबल्यासारखी होते, दरदरून घाम फुटतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, आणि घरातले म्हणतात, "पित्त झालंय, सोडा द्या." हृदयविकाराच्या झटक्यात असा गेलेला एकेक तास जीवावर बेततो. अशा वेळी ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. त्या गाडीला पैसे लागत नाहीत.