नकोसा 'हम'



यंदा आठवी-नववीच्या मुलांना आम्ही घरातील ज्येष्ठांचा आवाज ध्वनिमुद्रित करून आणण्याचे काम दिले आहे. आजीच्या ओव्या, सणावाराच्या कहाण्या, आजोबांच्या तोंडचे जुन्या इंदूरचे किस्से. होळकरांच्या काळात इकडे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या घरांतली मराठी माळव्याच्या हिंदीत दुधात साखर मिसळावी तशी मिसळली आहे. ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही, ज्येष्ठांच्या बोलण्यातच सापडते. मुलांनी स्वस्तातला माइक, दादाचा जुना मिक्सर, घरचा लॅपटॉप असे जमेल ते जोडून काम सुरू केले, याचे आम्हाला कौतुक आहे. मात्र बऱ्याच मुद्रणांत आजींच्या आवाजामागे एक अखंड 'घूंऽऽ' ऐकू येते.

इंग्रजीत याला 'हम' म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे 'हम' म्हटले की आम्हाला 'आम्ही'च आठवतो! पण हा 'हम' आपल्यातला नव्हे. त्याला घालवण्यासाठी काही पालक महाग यंत्रसामग्री घेण्याच्या विचारात आहेत, तर मुले म्हणतात, "सर, नंतर कंप्यूटरवर काढून टाकू." आमचे मत या दोहोंपेक्षा वेगळे आहे. हम कुठून शिरतो ते आधी शोधावे. बहुतेक वेळा त्याला पैसे कमी आणि धीर जास्त लागतो.

घरातली वीज 230 व्होल्टची असते आणि सेकंदाला 50 आवर्तने करते. तीच 50, आणि तिच्या पटीतली 100, 150 आवर्तने आपल्याला घूं-घूं अशी ऐकू येतात. शिरण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक, माइकची वायर चार्जरच्या किंवा विजेच्या वायरीला चिकटून पडलेली असते. दुसरा, 'ग्राउंड लूप'. लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटमध्ये, मिक्सर समोरच्या भिंतीच्या. दोघांनाही अर्थिंग, आणि वर आवाजाच्या वायरीचे बाहेरचे जाळीदार वेष्टन दोघांना जोडणारे. असे एक कडे तयार होते. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित जरी फरक असला तरी त्या वेष्टनातून बारीकसा प्रवाह वाहतो, आणि तोच हम होऊन मुद्रणात उतरतो.

आता शोध कसा घ्यावा? एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. हम गेला तर चोर सापडला, मुद्रण बॅटरीवरच करावे. चार्जर लागणारच असेल तर सगळी उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत. माइकची वायर विजेच्या वायरीपासून दूर ठेवावी. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी. अडॅप्टर, ट्यूबलाइटची चोक, पंख्याचा रेग्युलेटर यांच्याजवळ माइक नको. मिक्सर आणि माइक दोन्हींत सोय असेल तर तीन पिनांची 'बॅलन्स्ड' वायर वापरावी. तिच्या दोन तारांतून एकच आवाज एकमेकांच्या उलट जातो. बाहेरून शिरलेला हम मात्र दोन्हींत सारखाच असतो, म्हणून पुढे वजाबाकीत तो नाहीसा होतो. गणिताचा असा उपयोग मुलांना आवडावा! मोबाइल दूर ठेवावा. पंख्याचा वारा मात्र कोणत्याही वायरीने जाणार नाही, त्यासाठी पंखाच बंद करावा.

एक गोष्ट आम्ही कठोरपणे सांगतो. अर्थिंगची पिन काढून टाकली की हम जातो, असा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. हम जातो, हे खरेही आहे. पण तीन पिनांच्या प्लगमधली ती जाड, लांब पिन उगाच दिलेली नाही. प्लग लावताना ती सर्वांत आधी टेकते, आणि आत काही बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीत न्यायची वाट तीच असते. ती वाट बंद केली तर माइक धरलेले मूलच वाट होऊन बसेल. पिन तोडू नये, टू-पिनचा जोड लावू नये. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत ज्यांची घरे आहेत, त्यांनी घरातले अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. मुद्रण न करणाऱ्यांनीही.

आता 'नंतर काढू' याविषयी. संगणकावर 50 ची पट्टी कापता येते, थोडाफार फायदाही होतो. पण 100 आणि 150 आवर्तनांच्या आसपास पुरुषांचा आवाजच असतो. तिथे कात्री चालवली तर हमबरोबर आजोबाही पातळ होतात. फार सफाई केली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो.

विश्वस्त मंडळींना विनंती की संगीत वर्गासाठी नवीन सामानाची मंजुरी देण्याआधी त्या खोलीचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि ध्वनिमुद्रणासाठी एकच चांगला बोर्ड बसवून द्यावा. तेवढे झाल्यावर आहे त्या सामानातच किती निभावते ते पाहावे.

आणि मुलांनो, आजींना बोलते करण्यापूर्वी दहा सेकंद सर्वांनी गप्प राहून मुद्रण करावे, हेडफोन लावून ऐकावे. घूं ऐकू आली तर आधी तिचा बंदोबस्त करावा. आजींना पाच मिनिटे थांबायला सांगितले तर त्या रागावणार नाहीत. पण त्यांच्या ओव्या आणखी दहा वर्षांनी कोणाकडून ऐकायच्या, याचाही विचार करावा, आणि हे काम या सुट्टीतच उरकावे.