विहिरीचा नाडा

फराळाच्या ताटावर भांडण काढू नये, हे मला कळते. पण परवा एका पाहुण्या व्याख्यात्याने आमच्या मुलांना सांगितले, "गिर्यारोहण ही युरोपची देणगी. आपण डोंगराला लांबूनच हात जोडले." हा घास काही माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

युरोपचे श्रेय मी नाकारीत नाही. १७८६ साली पाकार आणि बाल्मा हे दोघे माँ ब्लांच्या माथ्यावर पोचले. १८५७ साली लंडनात अल्पाइन क्लब निघाला. बुटांना लोखंडी काटे आले, तागाचा दोर जाऊन नायलॉनचा आला. सारे खरे. पण चढण्याची ओढ काय क्लबाच्या वहीत जन्मली?

याच दिवसांत, धनत्रयोदशीच्या सुमारास, सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. १९९८ पर्यंत तो डोंगर आमच्या धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारात आहे. उंची चार हजार फुटांवर. जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याच्या दर्शनाला माणसे रात्रीच्या अंधारात तो चढतात. लांबूनच हात जोडायचे, तर पायथा काय वाईट होता?

पण आता आपल्याही पदरात माप घालतो. "आमच्या मावळ्यांना कुठे लागली साधने?" असे छाती फुगवून म्हणणारे गावोगाव भेटतात. १६७० सालच्या सिंहगडाची घोरपड मीही वर्गात रंगवून सांगत असे. सभासदाच्या बखरीत मात्र ती घोरपड नाही. कडा चढणारी माणसे आहेत. घोरपडीच्या नादात त्या माणसांचे कसबच आपण विसरलो.

काही वर्षांपूर्वी मुलांना लळिंगच्या किल्ल्यावर न्यायचे होते. शाळेकडे मी एक चांगला दोर मागितला. उत्तर मिळाले, "गुरुजी, विहिरीचा नाडा न्या की!" मी नेला. एका घसरड्या उतारावर एका मुलाचा पाय सुटला आणि तो नाड्यावर लोंबकळला. नाडा तुटला नाही. पण खाली आल्यावर त्याचे उसवलेले पीळ मी पाहिले. त्या रात्री मला झोप आली नाही. चूक मागणी नाकारणाऱ्यांची, तशी नाडा उचलणाऱ्या माझीही.

१८६५ साली मॅटरहॉर्न जिंकून उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. भक्कम दोर त्यांच्यापाशी होता. मधे बांधला होता तो जुना, कमजोर. म्हणजे निष्काळजीपणाला देश नसतो!

आणि पायांना शिक्षण व साधन मिळाले तर? २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. असे पाय आमच्या सातपुड्यात काय थोडे आहेत?

म्हणून माझे मागणे साधे आहे. खानदेशातल्या प्रत्येक शाळेत एक खरा दोर असावा, तो कधी घेतला हे लिहिलेले असावे, आणि तो बांधता येणारा एक माणूस असावा. यंदा फटाक्यांची एक माळ कमी लावा. नाडा मात्र विहिरीलाच राहू द्या.