हातमोज्यांतील भुकटी

एखाद्या परिचारिकेच्या हातांना खाज सुटते, केळे खाल्ल्यावर ओठ सुजतात, रात्रपाळीत दम लागतो. या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात. त्यांचे मूळ मात्र एकच असू शकते : तिच्या हातांतील रबरी मोजे.

रबराच्या चिकात अनेक प्रथिने असतात. मोजे बनविताना ती धुऊन काढावी लागतात. धुण्यास वेळ लागतो, आणि कारखानदाराच्या हिशेबात वेळ म्हणजे खर्च. १९८७ साली एड्सच्या धास्तीने अमेरिकेत प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत रक्ताशी संपर्क येईल तेथे मोजे घालण्याचा दंडक आला. मागणी अफाट वाढली, आणि घाईने, अपुरा धुतलेला माल बाजारात आला, असे अनेक अभ्यासक मानतात. मोजा चटकन चढावा म्हणून आत मक्याच्या पिठाची भुकटी असे. प्रथिने तिला चिकटून हवेत पसरत. म्हणजे ज्या झाडूवालीने मोजा कधी घातलाच नाही, तिच्याही श्वासात ती जात.

केळी, पपई, किवी, अॅव्होकॅडो यांतील काही प्रथिने रबराच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. म्हणून लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्के लोकांना यांतले एखादे फळ बाधते. किवीचे सोडा, पण केळे हे तर गरिबाला परवडणारे फळ. मोज्याखालची प्रत्येक खाज अर्थातच लॅटेक्सची नसते. पुष्कळदा ती साबणाची, घामाची किंवा रबर पक्के करणाऱ्या रसायनांची असते. तो निवाडा त्वचेच्या वा रक्ताच्या तपासणीनेच होतो.

जर्मनीने १९९८ पासून भुकटीचे लॅटेक्स मोजे रुग्णालयांतून हटविले आणि काही वर्षांतच नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. त्यासाठी नवे औषध लागले नाही, खरेदीचा नियम पुरला. अमेरिकेतील ‘पब्लिक सिटिझन’ या संघटनेने त्याच वर्षी बंदीची मागणी केली होती. तेथे बंदी अमलात आली जानेवारी २०१७ मध्ये. बाजार स्वतःच सुधारतो म्हणणाऱ्यांनी ही एकोणीस वर्षे मोजावीत.

आपल्याकडे इस्पितळाची सफाई बहुधा कंत्राटी बायांकडे असते. धाप लागलेल्या बाईच्या जागी कंत्राटदार दुसरी आणतो; आजाराची नोंद कोठेच उरत नाही. कामगार संघटनांनी निविदेत ‘बिनभुकटीचे, अल्पप्रथिन’ हे दोन शब्द, बाधितांसाठी नायट्राइलचे मोजे आणि आरोग्यनोंदवहीत कंत्राटी नावे, एवढे तरी पुढच्या वाटाघाटीत मागावे.